ग्रीन बेची वही: लाखभर वस्तीचं गाव आणि 25 कोटी डॉलरचा संघ

जुलै 2025

मंडळी, ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा ताळेबंद आला आणि वहीतली पाचवी ओळ भरली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या 32 पैकी 31 संघांचे हिशेब मालकांच्या कपाटात असतात. ग्रीन बे पॅकर्सला मालकच नाही. 1923 पासून तो भागधारकांचा संघ आहे आणि आज त्यांची संख्या 5 लाख 38 हजारांच्या वर आहे. त्यांना लाभांश मिळत नाही, शेअरचा भाव वाढत नाही, हातात येतो तो मतदानाचा हक्क आणि लँबो फील्ड या घरच्या मैदानावरच्या वार्षिक सभेचं आमंत्रण. त्या सभेच्या आसपास संघ आपले आकडे जाहीर करतो. आर्थिक वर्षही आपल्यासारखंच 31 मार्चला संपतं, त्यामुळे रकाने लावताना डोकं फिरत नाही. एवढ्या मोठ्या लीगच्या आत डोकावायला आपल्याकडे ही एकच खिडकी आहे.

माझा प्रश्न पहिल्यापासून एकच आहे. ग्रीन बेची लोकसंख्या 2020 च्या जनगणनेत 1 लाख 7 हजारांच्या आसपास. अमेरिकेत एवढ्या वस्तीच्या, महानगराला न जोडलेल्या दुसऱ्या कुठल्याही गावात मोठ्या व्यावसायिक लीगचा संघ टिकलेला नाही. मग हा कसा टिकला, आणि इतकं जिंकतो कसा? ‘टीव्हीच्या पैशामुळे’ हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. मला ते आकड्यांत बघायचं होतं, म्हणून प्रत्येक हंगामापुढे तीन रकाने केले: लीगकडून आलेला समान वाटा, गावातून झालेली कमाई, आणि त्या हंगामाची सॅलरी कॅप, म्हणजे खेळाडूंच्या पगारावर संघाला घातलेली मर्यादा. सगळं कोटी डॉलरमध्ये.

2020: वाटा 30.92, गाव 6.18, कॅप 19.82
2021: वाटा 34.73, गाव 23.17, कॅप 18.25
2022: वाटा 37.44, गाव 23.59, कॅप 20.82
2023: वाटा 40.23, गाव 25.18, कॅप 22.48
2024: वाटा 43.26, गाव 28.64, कॅप 25.54

पहिला आणि तिसरा रकाना शेजारी ठेवून बघा. पाचही वर्षांत लीगचा वाटा एकटाच कॅपपेक्षा मोठा आहे, आणि तोही चांगला 11 ते 18 कोटींनी. म्हणजे एकही तिकीट विकलं नाही, एकही जर्सी खपली नाही, तरी खेळाडूंचा पगार निघतो. खेळाडूंच्या पेन्शन-विम्याचा खर्च कॅपच्या बाहेर असतो, प्रशिक्षक आणि कर्मचारी वेगळे, हे धरूनसुद्धा.

2020 ची ओळ तर जपून ठेवण्यासारखी आहे. कोविडमुळे 81,441 आसनांचं लँबो फील्ड जवळजवळ रिकामं राहिलं आणि गावची कमाई 6 कोटींवर आली. त्या वर्षी संघाला 3.88 कोटींचा कामकाजाचा तोटा झाला. मैदानावर मात्र त्याच हंगामात 13 विजय, क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल चालवणारा खेळाडू) ॲरन रॉजर्सला एमव्हीपी, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, आणि संघ कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या अर्ध्या भागाच्या, अंतिम सामन्यापर्यंत. गावचा पैसा आटला तरी खेळाडूंच्या यादीवर त्याच वर्षी ओरखडा उठला नाही. ओरखडा उठला तो पुढच्या वर्षी, आणि सगळ्यांवर सारखाच: कॅप लीगच्या एकूण उत्पन्नावरून ठरते, खेळाडूंना त्यातला किमान 48 टक्के हिस्सा असतो, उत्पन्न घटलं म्हणून 2021 ची कॅप 18.25 वर उतरली. न्यूयॉर्कलाही तेवढीच, ग्रीन बेलाही तेवढीच.

हे आपोआप झालेलं नाही. 1961 पर्यंत प्रत्येक संघ टीव्हीचे हक्क स्वतंत्र विकत असे. लीगचे आयुक्त पीट रोझेल यांनी सगळ्यांचे हक्क एकत्र विकून पैसे समान वाटायचे, असा आग्रह धरला. त्यासाठी लागणाऱ्या कायद्यावर सप्टेंबर 1961 मध्ये केनेडींनी सही केली. यात खरी पदरमोड केली ती न्यूयॉर्क जायंट्सच्या मारा कुटुंबाने. सर्वांत मोठी बाजारपेठ त्यांची होती आणि तरी त्यांनी समान वाट्याला होकार दिला. मी पॅकर्सवाला असूनही मला जायंट्सबद्दल कायम जिव्हाळा वाटतो तो याच कारणाने. त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात प्रशिक्षक लोंबार्डींच्या पॅकर्सनी जायंट्सना 37-0 असं धुतलं, हेही खरं.

ऑगस्ट

गावच्या रकान्याकडे वळलो. कॅप सगळ्यांना सारखी, वाटा सारखा, मग बाजारपेठेचा आकार नेमका कुठे बोचतो? रोख रकमेत. हा भाग आपल्याकडे फारसा बोलला जात नाही, म्हणून जरा सविस्तर.

आताचा क्वार्टरबॅक जॉर्डन लवचा जुलै 2024 चा करार घ्या. चार वर्षांची मुदतवाढ, 22 कोटी डॉलर, त्यात साइनिंग बोनस, म्हणजे सही केल्याबद्दलची रक्कम, 7.5 कोटी. करारात 2024 चं चालू वर्ष धरून पाच वर्षं होतात, म्हणून कॅपच्या हिशेबात हा बोनस दरवर्षी 1.5 कोटी असा पसरतो. वहीत 2024 ते 2028 या पाच चौकोनांत 1.5, 1.5, 1.5, 1.5, 1.5. कॅप पाच वर्षांत पोसते ते ओझं खिशाला मात्र सुरुवातीलाच उचलावं लागतं. आणि 2025 च्या हंगामानंतर त्याला दुसऱ्या संघाला दिलं, तर उरलेले तीन चौकोन, म्हणजे 4.5 कोटी, एकदम 2026 च्या माथी येतील. 1 जूननंतर सोडलं तर 1.5 त्या वर्षी आणि 3 पुढच्या. यालाच डेड मनी म्हणतात: खेळाडू गेला, आकडा राहिला.

याच्या जोडीला लीगचा एक जुना नियम आहे. पुढच्या वर्षांच्या पगाराची हमी दिली, तर त्या हमीतला मोठा भाग संघाला आधीच बाजूला काढून ठेवावा लागतो. अब्जाधीश मालक एक धनादेश फाडतो. पॅकर्सकडे फाडणारा कोणी नाही. म्हणूनच हा संघ 50 कोटी डॉलरच्या वर राखीव निधी बाळगून आहे, आणि म्हणूनच वर्षानुवर्षं ग्रीन बेचे करार एकाच साच्याचे दिसतात: क्वार्टरबॅक सोडला तर हमी फक्त साइनिंग बोनसची, पुढच्या पगाराची नाही. चाहते याला कंजूषपणा म्हणतात. मला ती घडी शहाणपणाची वाटते, कारण आपल्या कुवतीची नीट जाणीव असलेल्या माणसांनी ती घातलेली आहे.

या घडीतून फ्रंट ऑफिसचा, म्हणजे संघ बांधणाऱ्या मंडळींचा, स्वभाव घडतो. ड्राफ्टवर (नव्या खेळाडूंची दरवर्षी फेऱ्यांनी होणारी निवड) भिस्त, खेळाडू तिशीकडे झुकायच्या आत निर्णय, आणि जाऊ देताना मोबदला घेऊन जाऊ देणं. मार्च 2022 मध्ये दावांते ॲडम्स रेडर्स संघाकडे गेला तेव्हा बदल्यात पहिल्या आणि दुसऱ्या फेरीची निवड आली. पहिलीवर क्वे वॉकर घेतला, दुसरी आणखी एका निवडीला जोडून वर सरकले आणि ख्रिश्चन वॉटसन घेतला. एप्रिल 2023 मध्ये रॉजर्स जेट्सकडे गेला. त्याचा डेड मनी सुमारे 4 कोटी, म्हणजे त्या वर्षीच्या कॅपच्या 18 टक्क्यांच्या आसपास, मैदानात नसलेल्या माणसापोटी. तो सगळा एकाच वर्षात गिळून टाकला आणि लीगमधला सर्वांत तरुण संघ उतरवला. त्याच हंगामात जानेवारी 2024 मध्ये त्यांनी डॅलसला डॅलसमध्येच 48-32 ने हरवलं. पहाटेपर्यंत जागून तो सामना बघितलेल्यांना वेगळं सांगायला नको.

आणखी एक गोष्ट गावच्या रकान्यातच बसते. परदेशात नियमित हंगामातला सामना खेळणारा पॅकर्स हा 32 संघांतला शेवटचा. 2022 मध्ये लंडनला गेले. त्यांना घरचा सामना सोडायचा नव्हता, कारण त्या एका रविवारी हॉटेलं, दुकानं, शेजारच्या अंगणातलं पार्किंग, सगळ्यांची चूल पेटते. आणि दुसऱ्या संघांनाही पॅकर्सविरुद्धचा आपल्या घरचा सामना सोडायचा नव्हता, कारण पॅकर्सचे चाहते सगळीकडे मैदान भरतात. बाजारपेठ मोजताना फक्त शहराची वस्ती धरली तर हा भाग निसटतो. हंगामी तिकिटांच्या प्रतीक्षायादीत 1 लाख 40 हजारांवर नावं आहेत, गावच्या लोकसंख्येहून जास्त. 1933 ते 1994 दरवर्षी काही सामने मिलवॉकीत खेळवले, त्यातून अख्खं विस्कॉन्सिन बांधलं गेलं. त्या जुन्या तिकीटधारकांसाठी आजही लँबोवर वेगळा संच राखीव आहे. एप्रिल 2025 चा ड्राफ्ट तर गावातच भरला.

28 ऑगस्ट नंतर

सगळी पानं पुन्हा काढावी लागली. डॅलसचा बचावपटू मायका पार्सन्स ग्रीन बेत!

दोन पहिल्या फेरीच्या निवडी, 2026 आणि 2027 च्या, आणि केनी क्लार्क डॅलसला. पार्सन्सला चार वर्षांचे 18.8 कोटी. वर्षाला 4.7 कोटी, क्वार्टरबॅक नसलेल्या खेळाडूसाठी तेव्हाचा उच्चांक. हमीही ग्रीन बेच्या जुन्या साच्याबाहेरची.

लीगमधल्या सर्वांत श्रीमंत संघाने आपला सर्वोत्तम खेळाडू सोडला आणि लीगमधल्या सर्वांत लहान गावाने तो घेतला. डॅलसला पैसा कमी पडला असं कोणी म्हणणार नाही. कॅप सारखी असली की श्रीमंतीचा उपयोग संपतो, मग उरतं ते खुर्चीत बसलेल्या माणसांचं ठरवणं. डॅलसमध्ये मालकच जनरल मॅनेजर आहे. ग्रीन बेमध्ये ब्रायन गुटेकुन्स्ट 2018 पासून त्या खुर्चीत आहेत, त्यांच्या वर जुलैपासून एड पॉलिसी अध्यक्ष, कारण मार्क मर्फी सत्तरीच्या नियमाने निवृत्त झाले. अध्यक्षालाही वयाची अट लावणारा हा संघ आहे.

1993 ची आठवण होतेच. खेळाडूंना पहिल्यांदा मोकळेपणाने संघ निवडता येऊ लागला तेव्हा लोक म्हणत होते, आता ग्रीन बेला कोण जाणार? तेव्हाचे जनरल मॅनेजर रॉन वुल्फ यांनी नामांकित बचावपटू रेजी व्हाइटला चार वर्षांच्या 1.7 कोटींवर आणलं आणि त्या हंगामानंतर तो प्रश्न कोणी विचारला नाही. पार्सन्सचा निर्णय मला त्याच जातीचा वाटतो. दोन निवडींची किंमत मोठी आहे, पण लवच्या कराराची मधली वर्षं हीच जिंकायची वर्षं आहेत, आणि साचा कधी मोडायचा हे ओळखणं हाही फ्रंट ऑफिसच्या कामाचाच भाग आहे.

आता पुढचं काम: बफेलोचं पान. तेही लहान शहर, पण खाजगी मालकी, त्यामुळे ताळेबंद मिळणार नाही. नव्या स्टेडियमसाठी न्यूयॉर्क राज्याने 60 कोटी आणि इरी काउंटीने 25 कोटी डॉलर दिलेत, ते करार सार्वजनिक आहेत. त्यांवरून गावचा रकाना कितपत भरता येतो ते बघतो. त्या पानाशेजारी ग्रीन बे ज्यात आहे त्या ब्राउन काउंटीचं 2000 चं मतदान ठेवणार आहे, जेव्हा लँबोच्या नूतनीकरणासाठी लोकांनी अर्धा टक्का विक्रीकर स्वतःवर लावून घेतला आणि 2015 मध्ये तो ठरल्याप्रमाणे बंद झाला. बफेलोचा क्वार्टरबॅक जोश ॲलनच्या कराराचे चौकोन कोणी आधीच मांडले असतील तर पाठवा, माझ्याकडे ती ओळ अजून कोरी आहे.