बंबाच्या जाळीचा बोल्ट तुटला तर

आमच्याकडचा पाणी तापवायचा बंब जाड लोखंडी पत्र्याचा, वेल्ड केलेला. तळाशी बिडाचं (ओतीव लोखंडाचं) कडं आणि त्यावर तीन एम-८, म्हणजे आठ मिलिमीटर जाडीच्या, बोल्टांनी बसवलेली जाळी. जाळी बदलायला घेतली तेव्हा दोन बोल्ट निघाले आणि तिसऱ्याचं डोकं पान्यासोबत हातात आलं. पऱ्हाटी-तुराट्यांवर चालणाऱ्या बंबात हे व्हायचंच. या राखेत पोटॅश भरपूर असतो, पावसाळ्यात ती ओल धरते आणि आट्यांमध्ये गंज भरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे बोल्ट आतल्या आत आवळला जातो.

पहिलं काम म्हणजे बंब रिकामा करून उलटा ठेवणं. तारेच्या ब्रशने तुटलेल्या खोडाभोवतीची राख काढली, डिझेलचे थेंब सोडले आणि रात्रभर तसंच राहू दिलं. मध्ये दोन-तीनदा खोडावर हातोडीने हलके सरळ ठोके दिले. तेल आत उतरतं ते ठोक्यांमुळे, नुसतं ओतून नाही.

दुकानदार अशा वेळी ‘ईझी-आउट’ पुढे करतात, म्हणजे तुटलेल्या बोल्टाला भोक पाडून त्यात उलटं फिरवत बसवायचं, बोल्ट बाहेर काढणारं हत्यार. भट्टीतल्या बोल्टासाठी मी तो घेत नाही. अख्खा बोल्ट ज्या जोरात तुटला, त्याच्या पोटात घातलेला बारीक ईझी-आउट तो जोर कसा सोसणार? तो आत मोडला की साधं ड्रिलही चालत नाही, इतका तो कडक असतो.

खोड तीन-चार मिलिमीटर वर होतं, म्हणून नट वेल्ड केला. नट एम-१० चा घेतला, म्हणजे मधल्या भोकातून वेल्डिंगचा रॉड नीट पोचतो. तेल पुसून घ्यायचं. नट काळाच हवा. जस्ताचा मुलामा असेल तर आधी घासून काढा, त्याचा धूर वाईट. वेल्डिंग मशीनची अर्थची वायर कड्याला, रॉड २.५ मिलिमीटरचा, करंट ८० ते ९० अँपिअर. आर्क थेट खोडावर धरायचा आणि भोक भरत वर यायचं. खोडाचं टोक लालबुंद होतं, फुगतं, आणि थंड होताना आकसून गंजाची पकड सोडतं. खरं काम ही उष्णताच करते. संध्याकाळी पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की गावात व्होल्टेज पडतं आणि आर्क धरत नाही, तेव्हा हे सकाळीच उरका.

लाली गेली की मुळाशी मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आट्यांत शिरतं. मग पान्याने आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं, पुन्हा आवळायचं. करकर आवाज आला म्हणजे सुटतोय. पाना स्प्रिंगसारखा लवचिक लागला तर थांबा, बोल्ट पिळतोय. नट उपटला तर पुन्हा वेल्ड करा, असं होतंच.

खोड कड्याच्या बरोबरीने तुटलं असेल तर मात्र ड्रिलच. कानशीने सपाट करून नेमका मध्य पंच करा. आधी ३, मग ५, शेवटी ६.८ मिलिमीटर, आणि आटे पाडायला १.२५ पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर) एम-८ टॅप. ड्रिलला चिकटपट्टीची खूण बांधाच, कारण कड्यामागे पाण्याचा पत्रा असतो आणि तो फुटला तर बंब गेला. नजर भुग्यावर ठेवा. बोल्टाचा किस वळ्यावळ्यांचा निघतो, बिडाचा काळा भुरका. भुरका दिसला म्हणजे ड्रिल बाजूला सरकलंय. भोक फारच फाकलं तर ८.५ मिलिमीटर करून एम-१० चे आटे पाडा.

तांब्याच्या जुन्या बंबावर यातलं वेल्डिंग किंवा तापवणं करू नका. त्याचे सांधे कथलाचे असू शकतात आणि कथील साधारण २३२ अंशांनाच वितळतं.

नवे बोल्ट स्टेनलेस ३०४ चे घातले. आट्यांना ग्रीस नको, ते जळून कोळसा होतं आणि बोल्ट पुन्हा धरतो. तांब्याची अँटी-सीझ (बोल्ट धरू न देणारी) पेस्ट लावा, नाही मिळाली तर ग्राफाइटची पूड थेंबभर तेलात. जाळीची भोकं साडेनऊ-दहा मिलिमीटर ठेवा, तापल्यावर तिला सरकायला जागा लागते. बोल्ट हाताने बसवून वर पान्याचा पाव फेरा, बस. मृगाआधी तळाची राख खरवडून तिन्ही बोल्ट एकदा सोडून पुन्हा लावायचे.