डीआरबीडी: दोन सर्व्हरांवर एकच डिस्क

लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) २.६.३३ या आवृत्तीपासून समाविष्ट असलेले डीआरबीडी, एका सर्व्हरच्या ब्लॉक डिव्हाइसवर (डिस्क किंवा तिच्या पार्टिशनवर) लिहिला जाणारा प्रत्येक ब्लॉक नेटवर्कवरून दुसऱ्या सर्व्हरच्या डिस्कवरही उतरवते. ही प्रत पाठवण्याच्या डीआरबीडीच्या पद्धतींपैकी डेटाबेससाठी मी नेहमी प्रोटोकॉल सी निवडतो, कारण दोन्ही डिस्कांवर नोंद पोहोचल्याशिवाय ती पूर्ण झाल्याचे त्यात कळवले जात नाही. दुसऱ्या डिस्कची वाट न पाहणारा प्रोटोकॉल ए वेगवान असला, तरी मुख्य सर्व्हर अचानक बंद पडल्यास शेवटच्या नोंदी हरवू शकतात. फाइल सिस्टम मूळ पार्टिशनवर नव्हे, तर प्रायमरी (मुख्य) सर्व्हरवर डीआरबीडीने तयार केलेल्या डिव्हाइसवर तयार करावी, आणि एक्सटी४ असेल तर ती दोन्हीकडे एकाच वेळी कधीही माउंट करू (वापरासाठी जोडू) नये. पहिल्या सिंकपूर्वी (दोन्ही डिस्क सारख्या करण्यापूर्वी) कोणती बाजू प्रायमरी होणार, हे मी दोनदा तपासतो, कारण दुसऱ्या डिस्कवरचा सगळा डेटा त्यात पुसला जातो.