केमिस्ट्रीचे इंटर्नल मार्क दुरुस्त करून घेताना: माझा अनुभव

लेखी पेपरचं काम सरळ असतं. निकालानंतर निघालेल्या परिपत्रकातली मुदत पाहायची, फी भरून उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवायची, बेरीज आणि न तपासलेले प्रश्न बघायचे, मग रिव्हॅल्युएशन. बीएस्सीला माझा तो भाग विनातक्रार पार पडला. खरा त्रास इंटर्नलचा, म्हणजे कॉलेजने स्वतः देऊन विद्यापीठाच्या पोर्टलवर भरलेल्या मार्कांचा. सांगलीत आमच्या कॉलेजच्या परीक्षा विभागाच्या खिडकीवर जे ऐकून घ्यावं लागलं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

खिडकीवर सांगतात, "मार्क विद्यापीठाला गेले, पोर्टल लॉक झालं." विद्यापीठात विचारलं तर, "कॉलेजने भरले तेच आमच्याकडे आहेत." तासगाव-विट्याहून पहिल्या एसटीने आलेला मुलगा अशी दोन उत्तरं ऐकून गप्प घरी जातो. गप्प बसू नका. लॉक झालेला मार्कही बदलतो. त्यासाठी प्राचार्यांच्या सहीचं दुरुस्तीपत्र आणि मूळ नोंदीची, म्हणजे शिक्षकांच्या रजिस्टरची प्रत लागते. म्हणजे सगळी लढाई त्या मूळ नोंदीची आहे.

तोंडी विचारणं बंद करा. अर्ज दोन प्रतींत लिहा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. "साहेब आल्यावर शिक्का देतो" असं म्हणाले तर तोच अर्ज प्राचार्यांच्या नावे स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. अर्जात "अन्याय झाला" एवढंच लिहून भागत नाही. चाचणी, जर्नल, प्रॅक्टिकल, तोंडी यांचे वेगवेगळे मार्क मागा, शिक्षकांच्या रजिस्टरमधल्या आपल्या ओळीची प्रत मागा आणि पोर्टलवर भरलेला आकडा मागा. माझ्या बाबतीत रजिस्टरमध्ये जर्नलचे मार्क होते, पण पोर्टलच्या बेरजेत ते धरलेच नव्हते. एवढी साधी गोष्ट दाखवायला खिडकीने इतकं ताणलं!

अर्जाला उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार वापरा. अनुदानित कॉलेजला तो लागू आहे. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, विजयनगरला कोर्टाजवळ मिळतो. उत्तराची मुदत 30 दिवस, त्यानंतर पहिलं अपील. "कमी मार्क का दिले?" असं विचारू नका, ते फेटाळलं जातं. नोंदीची प्रत मागा. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहायचा हक्क सुप्रीम कोर्टाने 2011 मध्येच मान्य केला आहे. मात्र रिव्हॅल्युएशनची मुदत या 30 दिवसांसाठी थांबत नाही, म्हणून लेखी पेपरची झेरॉक्स नेहमीच्या मार्गानेच मागवा.

प्रॅक्टिकलच्या वादात कच्चं रीडिंग हाच पुरावा. समजा टायट्रेशनमध्ये आम्लाची तीव्रता काढताना 10 मिली एचसीएलला 0.1 नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचं एकक) सोडियम हायड्रॉक्साइड 9.8 मिली लागलं, तर उत्तर 0.098 नॉर्मल. परीक्षकाचं स्वतःचं रीडिंग 10.0 असेल आणि त्याने फक्त शेवटचा आकडा ताडून पाहिला, तर बरोबर रीत लिहूनही मार्क जातात. ब्युरेटचं (मोजमापाच्या नळीचं) लघुत्तम माप 0.1 मिली, त्यामुळे प्रयोग तीनदा करून आलेली तिन्ही रीडिंग तेवढ्या अचूकतेने पेनाने लिहा. जर्नलच्या पानावर त्याच दिवशी सरांची सही घ्या, सत्र संपल्यावर एकगठ्ठा घेतलेली सही इथे उपयोगाची नाही.

यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायलाच हवी. तिने 15 कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यावर समाधान झालं नाही तर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे (ओम्बड्सपर्सन) अपील करता येतं. पण "पेपर पुन्हा तपासा" एवढ्यावर लोकपाल अपील घेत नाहीत, निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. रजिस्टर आणि पोर्टल यांतला फरक ही तशी अनियमितता आहे.

दुरुस्तीपत्र गेल्यावर त्याचा जावक क्रमांक विचारून घ्या. विद्यापीठात पाठपुरावा त्याच क्रमांकावर होतो. नवी गुणपत्रिका घेताना जुनी मूळ प्रत जमा करून घेतात, म्हणून देण्याआधी तिच्या दोन झेरॉक्स काढून ठेवा. एमएस्सीच्या प्रवेशाची तारीख जवळ असेल तर दुरुस्ती प्रलंबित असल्याचं पत्र कॉलेजकडून लेखी मागा.