पुणे ते नागपूर : डेस्कटॉपचा प्रवास आणि तुटलेला प्लॅस्टिकचा दात

५ जुलै

नागपूरच्या मावसभावाला व्हिडिओ संपादनासाठी संगणक हवा होता आणि माझा जुना डेस्कटॉप गेले काही महिने टेबलाखाली धूळ खात होता, त्यामुळे तो त्याला द्यायचे ठरले. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबीच्या दोन रॅम, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, एक एनव्हीएमई (वेगवान साठवणीची छोटी पट्टी) आणि ४ टीबीची हार्ड डिस्क असा त्याचा संसार आहे. मध्ये सातशेच्या आसपास किलोमीटरचा रस्ता, ऋतू पावसाळ्याचा आणि सोबत जाणारे कोणी नाही. डेस्कटॉप जुळवण्याचा अनुभव मला बऱ्यापैकी असला तरी तो पाठवण्याचा अजिबात नव्हता.

कॅबिनेटचा मूळ खोका थर्माकोलच्या टोप्यांसह माळ्यावर होता. त्यातच सगळे घालून मोकळे व्हावे असा मोह झाला, पण वजन केल्यावर तो विचार सोडला. त्या खोक्याची रचना रिकाम्या कॅबिनेटसाठी असते. माझे कॅबिनेट रिकामे असताना सुमारे ७ किलो होते, तर मदरबोर्ड, पॉवर सप्लाय आणि प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर बसवल्यावर ते १२ किलोच्या वर गेले. म्हणून मूळ खोका आतला खोका म्हणून वापरायचा आणि त्याभोवती ५ सेंटीमीटर फोम ठेवून बाहेर सात पदरी खोका घालायचा असे ठरवले. फोमच्या शीट आणि खोका रविवार पेठेत मिळाला.

८ जुलै

ग्राफिक्स कार्ड काढले. एका कडेला दोन स्क्रूंनी धरलेले आणि दुसरीकडे अधांतरी असलेले किलोभर वजन स्लॉटमध्ये ठेवून पाठवणे म्हणजे स्लॉट उखडायला आमंत्रण देणे होय. कार्ड स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या अँटिस्टॅटिक पिशवीत घालून त्याच्या मूळ पेटीत ठेवले. हार्ड डिस्कही काढली. बंद असलेल्या डिस्कची हेड्स तबकडीवरून बाजूला झालेली असतात आणि ती चालू डिस्कपेक्षा कितीतरी जास्त धक्का सोसते हे खरे, तरीही तिच्यावरील माहितीची एक प्रत आधी दुसऱ्या डिस्कवर घेतली.

टेम्पर्ड काचेची बाजूपट्टी पाठवायचीच नाही असे ठरवले. अशा काचेचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली असतो. म्हणून ती सपाट बाजूवर बराच भार झेलते, पण कडेवर किंवा कोपऱ्यावर एक नेमका टोला बसला की एका क्षणात सगळ्या काचेचे खडे होतात, आणि ते खडे पंख्यांत, स्लॉटांत व पॉवर सप्लायच्या जाळीत जाऊन बसतात. काचेच्या जागी सनबोर्डचा (हलक्या फोमच्या पाट्याचा) तुकडा कापून बसवला.

कूलरचे काय करायचे यावर मात्र मी अर्धा तास घोटाळलो. तो पंख्यासह पाऊण किलोचा टॉवर कूलर आहे. प्रोसेसर ज्यात बसतो त्या एएम४ सॉकेटच्या दोन बाजूंना प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात आणि कूलरची क्लिप त्या पट्ट्यांच्या दातांत अडकते. या सॉकेटवरील प्रोसेसरच्या १३३१ पिना प्रोसेसरलाच असतात, आणि सॉकेटची दांडी बंद असली तरी प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या थर्मल पेस्टच्या सुकण्यामुळे कूलर ओढताना प्रोसेसर त्याच्यासोबत उपटून येऊ शकतो. संगणक दहा-पंधरा मिनिटे चालवून पेस्ट मऊ करायची आणि कूलर सरळ न ओढता थोडा डावीकडे-उजवीकडे फिरवून सोडवायचा, ही रीत मला ठाऊक होती. तरीही ‘बसलेले आहे ते कशाला हलवा’ असे म्हणून मी तो तसाच ठेवला. आणखी एक चूक मला तेव्हा दिसलीही नाही. कूलरच्या वर आणि बाजूला मी अँटिस्टॅटिक बबल रॅपच्या गुंडाळ्या नीट कोंबल्या, पण ग्राफिक्स कार्ड काढल्यामुळे कूलरच्या खाली जी मोठी पोकळी तयार झाली होती ती तशीच राहिली.

१० जुलै

बाहेरच्या खोक्याचे माप ६२ × ३८ × ६२ सेंटीमीटर भरले. या मापांच्या गुणाकाराला ५००० ने भागले की आकारमानावरचे वजन, म्हणजे खोका किती जागा व्यापतो यावरून भाड्यासाठी धरलेले वजन, २९.२ किलो येते. तराजूवर खोका १७ किलोचा होता, पण भाडे २९.२ किलोवर लागले आणि ते १,६५० रुपये झाले. फोम कमी करून खोका लहान करण्याचा सल्ला कुरियरच्या बुकिंगच्या खिडकीवरच मिळाला. तो मी ऐकला नाही, आणि तेवढा शहाणपणा तरी कामी आला.

आतल्या खोक्याला प्लॅस्टिकची पिशवी घातली, कारण दमट हवेत पुठ्ठ्याची ताकद बरीच कमी होते आणि जुलैत माल उतरवताना खोका कोरडा राहील याची खात्री नसते. सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. प्रत्येक भागाच्या अनुक्रमांकाचे, कॅबिनेटच्या आतील मांडणीचे आणि बंद खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो काढले. वापरलेले घरगुती सामान असून विक्रीसाठी नाही असे स्वाक्षरीचे पत्र जोडले. किंमत ५५,००० रुपये जाहीर केली आणि जोखमीचा वेगळा आकार भरून पावतीवर ‘वाहकाची जोखीम’, म्हणजे वाटेतल्या नुकसानीची जबाबदारी कुरियरची, असे लिहून घेतले. खिडकीवरचा माणूस सवयीने ‘मालकाची जोखीम’ या चौकटीत खूण करत होता. ती खूण तशीच राहिली असती तर पुढचे बरेच काही मला लिहिताच आले नसते.

१५ जुलै

खोका पोहोचला. एक खालचा कोपरा तीन-चार सेंटीमीटर आत दबलेला होता. ‘दादा, सही करा, अजून पुष्कळ पार्सलं वाटायची आहेत,’ असे पोहोचवणाऱ्याने म्हटले. भावाने आधी फोटो काढले आणि पोहोच पावतीवर ‘खोक्याचा कोपरा दबलेला, आत काहीतरी हलल्याचा आवाज’ असा शेरा लिहून मगच सही केली. हे मी त्याला आदल्या रात्रीच पढवून ठेवले होते. खोका उघडतानाचे चित्रीकरण त्याने मध्ये न थांबवता केले. पॉवरची वायर लावायची नाही, असे मी फोनवरून त्याला तीनदा बजावले.

सनबोर्ड काढल्यावर कूलर पंख्याच्या वायरीला लोंबकळताना दिसला. प्लॅस्टिकच्या पट्टीचा एक दात मुळापासून तुटला होता आणि कूलरच्या तळाला प्रोसेसर चिकटून आला होता. रॅमच्या एका पट्टीवर पोचा, एका रॅम स्लॉटची खिटी तुटलेली आणि मदरबोर्डवर दोन ओरखडे होते. ग्राफिक्स कार्ड आणि हार्ड डिस्क मात्र जशीच्या तशी होती.

त्या रात्री मी हिशेब मांडला. इंटरनॅशनल सेफ ट्रान्झिट असोसिएशनच्या १ए या पॅकिंगच्या प्राथमिक चाचणीत साधारण साडेनऊ ते साडेअठरा किलोंचा खोका ६१ सेंटीमीटरवरून एका कोपऱ्यावर, तीन कडांवर आणि सहा बाजूंवर, असा दहा वेळा पाडतात. म्हणजे एवढ्या उंचीवरून पडणे ही अपघाताची नव्हे, नेहमीची गोष्ट धरायची असते. ६० सेंटीमीटरवरून पडलेली वस्तू ३ सेंटीमीटर दबणाऱ्या फोमवर थांबली, तर तिच्यावर सरासरी २० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट, इतका मंदनाचा धक्का येतो. तीच अर्ध्या सेंटीमीटरमध्ये थांबली तर तो १२० जी होतो. पाऊण किलोचा कूलर पहिल्या प्रकारात क्षणभर १५ किलोचा होतो आणि दुसऱ्या प्रकारात ९० किलोचा. माझा फोम कोपऱ्यावर दबला, म्हणजे त्याने आपले काम केले, आणि तरीही प्लॅस्टिकचा एक दात तो आडवा लोंबणारा भार पेलू शकला नाही. मी आठवडाभर बाहेरून बसणाऱ्या माराची काळजी करत होतो आणि तुटले ते आतल्या वजनामुळे. ती पोकळी भरली असती, तर कूलरला खाली जायला वाव राहिला नसता.

२० जुलै

नागपूरला जाऊन आलो. प्रोसेसर भिंगाखाली पाहिल्यावर सात पिना वाकलेल्या निघाल्या, त्यांपैकी पाच एकाच कोपऱ्यातल्या. पिना सरळ करायला ०.७ मिलिमीटरच्या क्लच पेन्सिलचे शिसे काढून टाकून तिचे धातूचे टोक वापरले. ते टोक पिनेवर हलकेच बसते. एका दमात पूर्ण सरळ करण्याचा हट्ट धरायचा नाही, थोडी वळवायची आणि ओळीत डोळा लावून बघायचे. पुढे-मागे दोन-चारदा वाकवलेली पिन तुटते, म्हणून दिशा आधी ठरवूनच हात लावायचा. ओळी सारख्या झाल्या की नाही हे पाहण्यासाठी जुन्या एटीएम कार्डाची कड दोन ओळींमधून सरकवली. या कामाला दीड तास लागला आणि त्यातला निम्मा वेळ मी फक्त श्वास रोखून बसलो होतो.

प्रोसेसर सॉकेटमध्ये आपल्या वजनानेच उतरायला हवा. पहिल्या वेळी तो उतरला नाही, म्हणून पुन्हा काढून आणखी एक पिन नीट केली. संगणक सुरू झाला, पण ३२ ऐवजी १६ जीबीच दिसू लागले. खिटी तुटलेल्या स्लॉटवर माझा संशय होता. रॅमच्या पट्ट्या अदलाबदल केल्यावर दोष पट्ट्यांत नाही हे कळले. रॅमचे नियंत्रण प्रोसेसरमध्येच असल्यामुळे मग पुन्हा पिनांकडे वळलो, आणि कडेची एक पिन केसभर तिरकी सापडली. ती सरळ केल्यावर पूर्ण ३२ जीबी आले. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ च्या चार फेऱ्या चुकीविना पार पडल्या आणि डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या नोंदी ठेवते त्या स्मार्ट नोंदींत एकही खराब सेक्टर दिसला नाही. कूलर धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची नवी जोडी सीताबर्डीतल्या एका दुकानात जुन्या बोर्डांच्या ढिगातून मिळाली.

२ ऑगस्ट

भरपाईच्या अर्जाला ‘पॅकिंग अपुरे होते’ असे एका ओळीचे उत्तर आले. ते अर्धे खरे आहे, हे मी येथे कबूल करतो. पण कोपरा आपोआप दबत नाही. कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ मध्ये घरपोच सेवा देणाऱ्या कुरियर एजन्सीही वाहक म्हणून धरलेल्या आहेत. दावा दाखल करण्यापूर्वी वाहकाला लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. जास्त किंमत जाहीर केली नसेल तर नियमांनुसार वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती असते, म्हणजे माझ्या बाबतीत ती १६,५०० रुपये झाली असती. पावतीवरील शेऱ्याची प्रत, अखंड चित्रीकरण, फोटो आणि दुकानदाराचे दुरुस्तीचे अंदाजपत्रक जोडून नोटीस पाठवली. मागणी फक्त ओरखडे पडलेला मदरबोर्ड, पोचा आलेली रॅमची पट्टी आणि कूलर यांची केली. प्रोसेसर चालत असताना त्याची किंमत मागणे मला पटले नाही.

नोटीस पोहोचल्यावर सूर बदलला आणि पाहणीसाठी माणूस पाठवतो, खोका व फोम जपून ठेवा, असा निरोप आला. मावशीने तोवर खोका रद्दीवाल्यासाठी दाराबाहेर काढून ठेवला होता. भावाने तो जिन्यातून परत आणला.

१९ ऑगस्ट

पाहणी झाली आणि ९,२०० रुपये मंजूर झाले. मागितले होते १२,४००. कूलर ‘ग्राहकाने सुटा केला नाही’ म्हणून वगळला होता, आणि त्यावर मी वाद घातला नाही. हा प्रश्न न सुटता तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोग, असा क्रम ठरवून ठेवला होता. त्याची गरज पडली नाही.

काचेची बाजूपट्टी आणि २७ इंची मॉनिटर अजून पुण्यातच आहेत. दसऱ्याला गरीबरथाने जाताना दोन्ही सोबत नेणार आहे, आणि तोवर भाऊ सनबोर्ड लावूनच काम करतो आहे. त्यावर त्याने मार्करने पंख्याचे चित्र काढले आहे.