डॉसनव्हिलचा सायरन, कॅनापोलिसचा पुतळा

नॅस्कारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कारच्या शर्यतीला जायचं ठरवलंत, तर हिरवा झेंडा पडून शर्यत सुरू व्हायच्या किमान तासभर आधी खुर्चीत बसा. ड्रायव्हरांची ओळख तेव्हा होते. एकेकाचं नाव पुकारतात, तो मंचावरून हात हलवत पुढे जातो. बहुतेक नावांना जेमतेम टाळ्या पडतात. मग नऊ नंबरवाला चेस एलियट येतो आणि अख्खा स्टँड उभा राहतो. डेनी हॅमलिनच्या नावाला तितक्याच जोरात हुर्यो होते. टाळ्या आणि हुर्यो, दोन्ही मोजायच्या. ज्याच्या नावाला दोन्हींतलं काहीच येत नाही, त्याच्यासाठी कुणीही तिकीट काढलेलं नाही.

हा प्रवास जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलायनातला, चार दिवसांचा आणि गाडीनेच करायचा. सुरुवात अटलांटाच्या दक्षिणेला सुमारे 50 किलोमीटरवर हॅम्पटनला. तिथला अटलांटा मोटर स्पीडवे 2025 पासून इकोपार्क स्पीडवे नावाने ओळखला जातो. लांबी 1.54 मैल, वळणांचा उतार 28 अंश. 2022 मध्ये नवा थर टाकून उतार वाढवला आणि ट्रॅक अरुंद केला, तेव्हापासून इथे फ्लोरिडातल्या डेटोना ट्रॅकसारखी घोळक्याने शर्यत होते. म्हणून तिकीट वरच्या रांगांचं घ्या. खालच्या रांगा स्वस्त असतात, पण समोर जाळीचं कुंपण येतं, रबराचे कण अंगावर उडतात आणि ट्रॅकची मागची सरळ बाजू दिसतच नाही. घोळका जवळ येईपर्यंत पुढे कोण आहे हेही कळत नाही.

कानांसाठी आधी फोमचे बोळे, त्यावर हेडफोन. लहान मुलांना दोन्ही हवेतच. स्कॅनर भाड्याने मिळतो, तो जरूर घ्या. त्यावर ड्रायव्हर, त्याचा क्रू चीफ (संघाचा प्रमुख) आणि स्टँडच्या छतावरून ट्रॅकवर नजर ठेवून त्याला सूचना देणारा स्पॉटर यांचं बोलणं थेट ऐकू येतं. सगळ्या गाड्या एकामागून एक ऐकत बसलात तर काहीच हाती लागत नाही. तीनच वाहिन्या धरा: आपला ड्रायव्हर, त्याचा प्रतिस्पर्धी आणि रेडिओचं समालोचन. फ्रिक्वेन्सी शर्यतीच्या दिवशी पुन्हा तपासा, जुना कागद दगा देतो. मऊ कूलर बहुतेक ट्रॅकवर 14 इंच लांबी-रुंदी-उंचीपर्यंत चालतो, काच चालत नाही. शर्यत संपल्यावर लगेच गाडी काढू नका. तासभर थांबलात तर तेवढाच वेळ रांगेत इंजिन तापवण्यापासून वाचतो.

लोकप्रियता डोळ्यांनी मोजायची असेल तर गेटबाहेरच्या विक्रीच्या ट्रेलरांकडे जा. टोप्या, शर्ट, 1:64 आणि 1:24 मापाच्या धातूच्या गाड्या. जिंकलेल्या गाडीची खास प्रत निघते, तिच्यावर शर्यतीत पडलेले ओरखडे, टायरचे काळे डाग आणि चिकटलेले रंगीत कागदाचे कपटेसुद्धा जसेच्या तसे छापलेले असतात. 2015 मध्ये हे स्वतंत्र ट्रेलर काढून एकच मोठा तंबू उभारला गेला. हिशेबाला सोयीचं होतं, पण बऱ्याच चाहत्यांना रुचलं नाही. ट्रेलर म्हणजे त्या ड्रायव्हरचं दुकान, रांगेत उभी असलेली माणसं आपल्याच टोपीची. तंबूत सगळे मिसळले, ती ओळख गेली. पुढे ट्रेलर परत आले.

या ट्रॅकवर एक दुपार अशी होऊन गेली की ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 15 नोव्हेंबर 1992. रिचर्ड पेटीची शेवटची शर्यत, जेफ गॉर्डनची नॅस्कारच्या मुख्य मालिकेतली पहिली. शर्यत जिंकली बिल एलियटने, पण मोसमाचं विजेतेपद 10 गुणांनी ॲलन कुल्विकीने नेलं, कारण सर्वाधिक फेऱ्या आघाडीवर राहण्याचे जादा गुण, 103 फेऱ्या विरुद्ध 102 अशा एका फेरीच्या फरकाने, त्याला मिळाले. 1997 मध्ये ट्रॅकची फिरवाफिरव झाली, पुढची सरळ मागे गेली. त्यामुळे तेव्हाची अंतिम रेषा जिथे होती तिकडे आता मुख्य स्टँडवरून समोर, पलीकडे बघावं लागतं. त्या दिवशी 200 विजयांचा राजा पेटी निवृत्त झाला, पण स्टँड रिकामे झाले नाहीत. डेल अर्नहार्ट ऐन भरात होता, एलियट होता आणि गॉर्डन दारात उभा होता. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

हॅम्पटनहून डॉसनव्हिल सुमारे 150 किलोमीटर. अटलांटा ओलांडून जीए-400 ने सरळ उत्तरेला. हा रस्ता आपल्याकडच्या पुष्कळांच्या सवयीचा. अल्फारेटा आणि कमिंगला राहणारी मराठी कुटुंबं डॉसनव्हिलच्या आउटलेट मॉलला आणि अमिकलोला धबधब्याला जातच असतात. मॉलपाशी डावीकडे 53 नंबरच्या रस्त्याला वळून दहा-अकरा किलोमीटर गेलं, की जुन्या कोर्टाच्या इमारतीभोवतीचं मूळ गाव लागतं. वस्ती चार हजारांच्या आत.

कोर्टापासून चालत दोन मिनिटांवर डॉसनव्हिल पूल रूम आहे. बर्गर, बिलियर्डची टेबलं, भिंतभर एलियट घराण्याचे फोटो आणि गाड्यांचे पत्रे. छतावर सायरन. बिल एलियट जिंकला की तो वाजायचा, आता त्याचा मुलगा चेस जिंकला की वाजतो. 28 जून 2025 च्या रात्री चेसने हॅम्पटनला शेवटच्या फेरीत आघाडी घेतली, तेव्हा त्याच्या 44 शर्यती विजयाविना गेल्या होत्या. इतके महिने सायरन गप्प राहिल्यावर तो ऐकणं म्हणजे काय, हे त्या गावात उभं राहिल्यावरच उमगतं. तिथे जाण्याआधी उघडण्याच्या वेळा तपासून घ्या, रविवारचा भरवसा धरू नका.

गावच्या कब्रस्तानात लॉइड सीचा दगड जरूर पाहा. चोरटी दारू पोहोचवणारा, अफाट गाडी हाकणारा मुलगा. 1 सप्टेंबर 1941 ला अटलांटातल्या लेकवूडची शर्यत जिंकला आणि दुसऱ्या दिवशी दारू गाळायच्या साखरेच्या हिशेबावरून नात्यातल्याच माणसाने गोळी घातली. वय 21. नॅस्कार जन्माला यायला तेव्हा सहा-सात वर्षं होती. दगडावर त्याची फोर्ड कूप कोरलेली आहे आणि ड्रायव्हरच्या खिडकीत त्याचा फोटो बसवलेला आहे. गाडी आणि माणूस वेगळे काढताच येत नाहीत. डॉसनव्हिलमध्ये एलियट घराण्याआधीपासून माणसं ड्रायव्हरवर जीव लावत होती.

बिल एलियटला सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हरचा मान 16 वेळा मिळाला. चाहत्यांच्या मतांचा हा मान विजेतेपदांशी जुळेलच असं नाही. डेल अर्नहार्टकडे सात विजेतेपदं, पण हा मान त्याला फक्त 2001 मध्ये, मृत्यूनंतर मिळाला. सात विजेतेपदांचा जिमी जॉन्सन आणि चार विजेतेपदांचा गॉर्डन, दोघांनाही तो कधीच मिळाला नाही. उलट अर्नहार्टचा मुलगा डेल ज्युनियर याने मुख्य मालिकेचं विजेतेपद एकदाही जिंकलं नाही, तरी 2003 ते 2017 सलग पंधरा वर्षं मान त्याचाच. 2018 पासून चेस. 2023 च्या मार्चमध्ये स्नोबोर्डिंग करताना चेसचा पाय मोडला, सहा शर्यती हुकल्या, वर्षभरात एकही विजय नाही, तरीही मतं त्यालाच. जिंकणं लागतंच, पण नुसत्या जिंकण्याने माणूस चाहत्यांचा होत नाही. आडनाव, गाव आणि नंबर यांची सांगड लागते. चेस आधी दोन मोसम गॉर्डनचा 24 नंबर चालवायचा. 2018 मध्ये वडिलांचा 9 त्याच्या दारावर आला, त्याच वर्षी वॉटकिन्स ग्लेनच्या ट्रॅकवर पहिला विजय आणि पहिल्यांदा हा मान, दोन्ही मिळाले.

तिसऱ्या दिवशी आय-85 ने ईशान्येला, शार्लट ओलांडून कॅनापोलिस. साधारण चार-साडेचार तास. शार्लटच्या नॅस्कार हॉल ऑफ फेमला अर्धा दिवस द्या. तिथल्या ग्लोरी रोड नावाच्या उतारावर चढताना जमीन हळूहळू कलत जाऊन अलाबामातल्या टॅलाडेगा ट्रॅकच्या 33 अंशांपर्यंत पोहोचते. पण माझ्या मते खरी गोष्ट कॅनापोलिसलाच कळते.

हे कापडगिरणीचं गाव. मुंबईच्या गिरणगावाची आठवण येणारच, कारण इथेही भोंग्यावर घड्याळ चालायचं आणि 2003 च्या जुलैमध्ये गिरणी कायमची बंद पडून एका फटक्यात हजारो लोक बेकार झाले. अर्नहार्ट इथला. नववीत शाळा सोडलेला, वडील राल्फ मातीच्या ट्रॅकवर गाडी चालवायचे. ज्या मोहल्ल्यात तो वाढला तिथल्या रस्त्यांची नावंच सेडान आणि कोच. घरं खासगी आहेत, रस्त्यावरूनच पाहा. गावाच्या मधोमध त्याचा नऊ फुटी काशाचा पुतळा आहे, हाताची घडी घातलेला, अंगात जीन्स. रेसचा पोशाख नाही. गिरणीतून सुटून आलेला शेजारी वाटावा असा.

18 फेब्रुवारी 2001 ला डेटोना 500 च्या शेवटच्या फेरीत, चौथ्या वळणावर अपघातात तो गेला. त्याचा नंबर 3 होता, म्हणून त्या मोसमात तिसऱ्या फेरीला स्टँडमध्ये हजारो हात तीन बोटं वर करून उभे राहायचे आणि टीव्हीवरचे समालोचक ती फेरी गप्प राहायचे. त्याची काळी गाडी पांढरी रंगवून, नंबर 29 करून केव्हिन हार्विकला दिली. तिसऱ्याच शर्यतीत, हॅम्पटनला, तो 0.006 सेकंदाने जिंकला. जुलैत डेल ज्युनियर डेटोनाला जिंकला. 3 नंबर मुख्य मालिकेत थेट 2014 ला परतला. चाहता तुटला नाही, कारण ओढ जायला जागा होती: मुलगा होता, संघ होता, आणि दुःखाला वेळ दिला गेला.

ही ओढ किती टोकाची असते ते 2004 च्या एप्रिलमध्ये टॅलाडेगाला दिसलं. शर्यत पिवळ्या झेंड्याखाली, म्हणजे पुढे काढायला मनाई असताना, संपली, गॉर्डन पुढे, ज्युनियर मागे. ज्युनियरच्या चाहत्यांनी ट्रॅकवर बियरच्या डब्यांचा वर्षाव केला. त्याच मोसमात पुढे जादा फेऱ्या देऊन हिरव्या झेंड्याखाली शेवट करण्याचा नियम मुख्य मालिकेत आला.

आता 1992 आठवा आणि पुढचं जुळवा. गॉर्डन 2015 ला थांबला, टोनी स्टुअर्ट 2016 ला. कार्ल एडवर्ड्स 2017 च्या जानेवारीत अचानक निघून गेला, ज्युनियर त्याच वर्षाअखेर, जॉन्सन 2020 ला. पाच वर्षांत मोठी नावं संपली आणि दारात उभे असलेले पोरगे अजून कुणाच्या घरातले झालेले नव्हते. ओहोटी आधीच लागली होती, हे कबूल करायला हवं. 2004 पासून विजेतेपदाची पद्धत पुन्हा पुन्हा बदलली, 2007 ची नवी गाडी लोकांना आवडली नाही, 2008 च्या मंदीत पेट्रोल आणि हॉटेलं परवडेनाशी झाली. टेनेसीतल्या ब्रिस्टल ट्रॅकवर 1982 पासून सलग 55 शर्यतींची सगळी तिकिटं संपायची, ती मालिका 2010 ला तुटली, ज्युनियर अजून पळत असताना. डेटोनाने मागच्या सरळ बाजूचे स्टँड पाडून खुर्च्या सुमारे 1,01,500 वर आणल्या. म्हणजे सगळा दोष निवृत्तीवर टाकता येत नाही. पण महाग झालेल्या खेळाला माणूस ज्याच्यासाठी चिकटून राहतो, तो गेला की हिशेब करायला बसतो आणि पुढच्या वर्षीचं तिकीट काढत नाही.

आणखी एक कारण मला महत्त्वाचं वाटतं. अर्नहार्टची गाडी वर्षभर काळी असायची. आज एकच प्रायोजक पूर्ण मोसमाचा खर्च क्वचितच उचलतो, त्यामुळे कित्येक गाड्या दर आठवड्याला रंग बदलतात. त्यात 2022 च्या नव्या गाडीवर दारावरचा नंबर पुढच्या चाकाकडे सरकवला, प्रायोजकाला जागा मिळावी म्हणून. वरच्या रांगेतून 300 किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी ओळखायला रंग आणि नंबर एवढंच हाती असतं. नवख्याला पहिल्या पन्नास फेऱ्या आपला ड्रायव्हर शोधण्यात जातात. म्हणून त्या आठवड्याचा रंग आदल्या दिवशी पाहून फोनमध्ये ठेवा. चेसची गाडी बहुतेक वेळा निळीच असते, हा त्याच्या चाहत्यांचा मोठा फायदा आहे.

चौथ्या दिवशी कॅनापोलिसहून सुमारे 120 किलोमीटरवर लेव्हल क्रॉस. पेटी घराण्याची जुनी जागा, तिथेच संग्रहालय. फिकट निळ्या गाड्या, करंडक, जुनी हत्यारं. दोन तास पुरतात, उघडण्याचे दिवस आधी बघून घ्या. पेटीने एक पायंडा पाडला: शर्यत हरलेली असो वा जिंकलेली, कुंपणापाशी थांबून सह्या द्यायच्या. पुढच्या कित्येक ड्रायव्हरांनी तो उचलला. आजही सही हवी असेल तर गॅरेजचा पास काढा, गाडीच्या सरावाआधी जा, हेल्मेट डोक्यावर चढल्यावर कुणाला हाक मारू नका. संघ ड्रायव्हरचं फोटोकार्ड फुकट देतात, ते आणि जाड मार्कर जवळ ठेवा. चकचकीत कार्डावर शाई ओली राहते, लगेच खिशात घातलीत तर पुसते.

बऱ्याच सह्या घाईत मारलेल्या दोन रेघा असतात. पेटीची वेगळी. मोठे गोल वळसे, एकमेकांत गुंफलेले, आणि तरी काचेआडून अख्खं नाव वाचता येतं.