गॅरेजमधली थंडी आणि माझी सुतारकी

कॅनडात, ओटावात घराच्या मागे वेगळं गॅरेज आहे, त्यात माझं सुतारकामाचं वर्कशॉप. जानेवारीत उणे २०, रंधा हातात धरवत नाही आणि लाकडाचा ग्लू तर साधारण १० डिग्रीच्या खाली नीट धरतच नाही, खडूसारखा पांढरा पडतो.

पहिल्या वर्षी प्रोपेनचा छोटा हीटर आणला. गरम झालं पटकन, पण दोन आठवड्यांत टेबल सॉच्या (टेबलात बसवलेल्या विजेच्या करवतीच्या) लोखंडी पाट्यावर गंज! मग डोक्यात प्रकाश पडला, १ किलो प्रोपेन जळलं की दीड किलोच्या वर पाणी वाफ होऊन त्याच खोलीत राहतं, वर कार्बन मोनॉक्साइडची भीती वेगळीच. लाकडाची शेगडी? भुसा उडतो तिथे उघडी आग, बायको म्हणाली आधी इन्शुरन्सवाल्याला फोन कर. केला, विषय संपला.

साधा १५०० वॅटचा हीटर म्हणजे दर्यामे खसखस. २४० व्होल्टचा ५ किलोवॅटवाला स्वस्त असतो पण बिल बघून घाम फुटतो (तेवढीच ऊब म्हणा).

शेवटी मिनी स्प्लिट (गरम हवाही देणारा स्प्लिट एसी) घेतला, खास थंडीचा, उणे २५ पर्यंत चालणारा. महाग पडला, फिल्टर भुशाने भरतो म्हणून दर शनिवारी झटकावा लागतो, पण त्याआधी भिंतीत इन्सुलेशन भरलं आणि दाराच्या फटी बुजवल्या, खरा फरक मला वाटतं तिथेच पडला. आता रात्रभर ८ डिग्रीवर ठेवतो, ग्लूची बाटली मात्र अजून किचनमध्येच.