घरच्या घरी एंड मिलला धार – माझा अनुभव

माझ्याकडे छोटं मिलिंग मशीन आहे आणि त्याचे एंड मिल, म्हणजे टोकाला आणि बाजूला दात असलेले कटर, बहुतेक पुण्याच्या जुन्या बाजारातले, बुधवारी नाहीतर रविवारी जाऊन घासाघीस करून आणलेले. एचएसएस (हाय स्पीड स्टील) असला आणि शँकवर, म्हणजे मशीनमध्ये धरायच्या दांड्यावर, अ‍ॅडिसन किंवा मिरांडा कंपनीचं नाव दिसलं की मी डोळे झाकून उचलतो. हे कटर भिंगातून बघा, बाजूच्या फ्लूट (पिळाच्या खाचा आणि त्यांच्या धारा) जवळजवळ कोऱ्या आणि टोकाचे कोपरे मात्र गोल झालेले, कारण दोन-तीन एमएमचा कट घेऊनच चालवलेले असतात मग झिजणार पण तेवढंच. म्हणजे धार लावायची ती फक्त टोकाला. बाहेर रिग्राइंडिंग (परत धार) करून देतात पण त्यांना माल डझनाने लागतो, माझ्या दोन-चार कटरसाठी कोण सेटिंग करत बसणार.

टूल अँड कटर ग्राइंडर, म्हणजे कटरला धार लावायचं खास मशीन, घरी आणायचं तर जागाही नाही आणि पैसेही. म्हणून ४० एमएमचा चौकोनी एमएस (साध्या पोलादाचा) बार घेतला, लेथच्या फोर जॉ चकमध्ये मधोमध धरून फेस मारली (टोक सपाट केलं), त्याच पकडीत भोक बोअर करून १२ एमएमचा रीमर काढला (भोक नेमक्या मापाचं केलं) आणि कटर आवळायला बाजूने ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) दिला. झालं इंडेक्सिंग, म्हणजे एकेक दात नेमका फिरवून समोर आणायची सोय! चार दातांच्या कटरला चौकोनाच्या चार बाजू, दोन दातांना समोरासमोरच्या दोन. बारीक शँकला चिरलेली स्लीव्ह (नळी). ती फेस त्याच पकडीत मारायची कारण ब्लॉक मागे स्टॉपला त्याच फेसवर टेकतो, ती भोकाला काटकोनात नसेल तर दात खाली-वर होणारच.

ग्राइंडर म्हणजे साधा बेंच ग्राइंडर, एका बाजूला पांढरं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं ६० ग्रिटचं कप व्हील (वाटीच्या आकाराचं चाक). बसवायच्या आधी लाकडी मुठीने टकटक करून बघितलं, खणखणीत वाजलं पाहिजे, बद्द वाजलं तर चीर आहे, सरळ फेकून द्या. समोर एका भंगारातल्या लेथची क्रॉस स्लाइड (हँडलने आडवा सरकणारा भाग) बोल्ट केली आणि तिच्यावर ब्लॉक ठेवायची १०० एमएमची प्लेट.

आता अँगल. दाताची धार आडवी आणि रेकची बाजू (चिप जिच्यावर चढते ती) वर ठेवायची, मग प्लेटचं चाकाकडचं टोक १०.५ एमएमने उचललं की ६ डिग्रीचा रिलीफ (धारेमागचा उतार) येतो, १०० एमएमवर साधा टॅनचा हिशोब आहे. सेकंडरीसाठी, म्हणजे त्यामागच्या दुसऱ्या उतारासाठी, तेच टोक २१ एमएमच्या आसपास, म्हणजे १२ डिग्री. शिवाय स्लाइड दीड डिग्री फिरवायची म्हणजे टोक मध्याकडे किंचित खोल जातं, हे नसेल तर कटर तळाला सगळा दात घासत बसतो आणि फिनिश येत नाही. माझा सगळ्यात जास्त वेळ दात आडवा करण्यात गेला, कारण शँकचा फ्लॅट आणि दात यांचं काही नातं नसतं, त्यामुळे फ्लॅट धरून ब्लॉकमध्ये बसवलं की झालं असं समजू नका, हाइट गेज (उंची मोजायचं साधन) धारेच्या दोन्ही टोकांना लावूनच ग्रब स्क्रू आवळा.

दातांना मार्कर पेनची शाई फासली म्हणजे चाक कुठे लागतंय ते दिसतं. चाक धारेवरून खाली जाईल अशी बाजू वापरतो, बर (धारेवरची कूस) कमी येतो आणि ब्लॉकही प्लेटवर दाबलेला राहतो. एका वेळी ०.०२ एमएम, बस. चाकाची कड शेजारच्या दाताला लागणार नाही असा स्टॉप आधीच लावून ठेवायचा, सेंटर कटिंग (मधोमधही कापणाऱ्या) कटरला तर हे फार जपावं लागतं कारण त्याचा एक दात मध्यापलीकडे जातो. आणि चाक स्वतः पण झिजतं ना, त्यामुळे चौथा दात पहिल्यापेक्षा बारीकसा उंच राहतो, म्हणून शेवटी फीड न देता सगळे दात परत फिरवायचे, ठिणग्या बंद होईपर्यंत. डायल इंडिकेटर (बारीक फरक दाखवणारं घड्याळ) लावला तर दातादातात ०.०२ च्या आत फरक, मला एवढं पुष्कळ झालं.

टोक निळं पडलं की कटर मेला असं जुने लोक सांगतात, ते कार्बन स्टीलच्या काळातलं. एचएसएसचं टेम्परिंगच (कडक केल्यावर ठिसूळपणा घालवायला परत तापवणं) ५५० डिग्रीच्या आसपास होतं, थोड्या निळ्याने काही बिघडत नाही, उलट तापलेला कटर पाण्यात बुचकळला की बारीक चिरा पडतात. हवेतच गार होऊ द्या.

कोपरा तुटलेला कटर असेल तर १ एमएमच्या कटिंग डिस्कने तेवढं टोक उडवतो, त्याच डिस्कने गॅश (टोकाला चिपसाठी खाच) पाडतो आणि मग वरचं सगळं. गॅश हाताने जमायला सवय लागते, तिथे चिपला जागा नाही मिळाली तर धार कितीही चांगली असो, प्लंज करताना (सरळ खाली घुसवताना) कटर अडतो.

बाजूच्या धारेला मी हात लावत नाही. त्याला एअर बेअरिंग स्पिंडल (हवेवर तरंगत हलका सरकणारा आणि फिरणारा दांडा) आणि टूथ रेस्ट (दाताला टेकू) लागतो, शिवाय व्यास कमी झाला की शाफ्टवरच्या १२ एमएमच्या चावीचा (की) स्लॉट १२ चा राहत नाही. कार्बाइडचे (एचएसएसपेक्षा खूप कडक) कटर पण बाजूला ठेवलेत, त्यांना पांढरं चाक चालत नाही, डायमंड लागतं आणि ती धूळ छातीत जाणं वाईट. मास्क तर एचएसएसला पण लावतोच, आणि स्लाइडवर ओलं फडकं, कारण चाकाची पूड बेडवर (सरकायच्या पृष्ठभागावर) गेली की बेड खाते.

तीन दातांच्या कटरसाठी आता षटकोनी बारचा तुकडा आणून ठेवलाय, एक सोडून एक बाजू घ्यायची, बाकी सगळं तेच.